डाव्या डब्यातला कापूस

माझ्या घरातील दोन स्पीकरांविषयी आमच्या कुटुंबात सध्या तीन हकिकती प्रचलित आहेत. माझा मुलगा सांगतो की बाबांना ऐकू येईनासे झाले, म्हणून त्यांनी स्पीकरमध्ये कापूस भरला. या विधानातील कार्यकारणभाव त्याला स्वतःलाही समजावून सांगता येत नाही. माझा साळा सांगतो की पैज लागली आणि मी ती दीड बोटावर जिंकलो. माझी सून काहीच सांगत नाही. पण हे दोघे बोलत असताना ती ज्या रीतीने चहा गाळते, तीही एक हकिकतच आहे. तिन्ही चुकीच्या आहेत. ज्याचे स्पीकर, ज्याचा कापूस आणि ज्याचे कान, तो माणूस अद्याप हयात आहे व अकोल्यात राहतो. त्याला विचारावे असे कोणाला वाटले नाही, म्हणून त्याने स्वतःहून लिहावयाचे ठरवले.

मी कापसाचा ग्रेडर होतो. खरेदी केंद्रावर बैलगाडी आली, पुढे ट्रॅक्टर आला, की त्यात हात खुपसून आतला कापूस बाहेर काढावयाचा, चिमटीत धरून त्याचा धागा ओढावयाचा आणि प्रत ठरवून चिठ्ठी लिहावयाची, हे माझे काम. चार गोष्टी पाहत असू: धाग्याची लांबी, त्याची ताकद, ओल आणि कचरा. यासाठी पुढे यंत्रे आली. यंत्राचा आणि माझा निकाल वेगळा आला की केंद्रावरचे लोक यंत्र पुन्हा लावून पाहत. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. वाचकाला साक्षीदाराची पात्रता ठाऊक असावी, एवढाच हेतू.

पत्नी गेल्यानंतर घरात बोलणारे कोणी उरले नाही. स्वतःशी बोलून पाहिले, परंतु मतभेद फार होऊ लागले. तेव्हा मी स्पीकर घ्यावयाचे ठरवले. दुकानदाराने प्रथम माझ्यासमोर छातीएवढे उंच दोन खांब उभे केले. त्यांत आवाजाबरोबर लाल-निळे दिवे लागत. गाणे ऐकताना रंग कशासाठी, असे मी विचारले, तेव्हा त्याने हिरवाही लावून दाखवला. शेवटी मी कोपऱ्यात धूळ खात पडलेली एक स्वस्त जोडी निवडली. पाच लिटर तेलाच्या डब्याएवढा एकेक, लाकडासारखी दिसणारी पेटी, पुढे खाली मोठा भोंगा व वर रुपयाएवढा छोटा. छोट्याला ट्वीटर म्हणतात; बारीक, उंच आवाज त्यातून येतो. घरी आणून त्यांना पुस्तकांच्या मांडणीवर ठेवले, मध्ये सहा हात अंतर सोडले आणि समोर आरामखुर्ची टाकली.

मी त्यांची प्रत माझ्या पद्धतीने ठरवली. लांबी, म्हणजे गाणाऱ्याने सूर सोडल्यावर तो किती वेळ मागे रेंगाळतो, ती उत्तम. ताकद, म्हणजे आवाज वाढवला तर फाटतो का; तीन चतुर्थांश खटका फिरवेपर्यंत फाटत नव्हता. कचरा, म्हणजे सळसळ, खरखर, चिरकेपणा; तो मुळीच नव्हता. एक दोष मात्र होता. पखवाजाच्या डाव्या पुडीवर थाप पडली की तिचा घुमारा पेटीत साचून राही. खालचा आवाज ओला होता. एवढ्या किमतीच्या स्पीकरमध्ये एकच दोष निघतो, हे मी सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगितले व त्यांपैकी दोघांनी माझ्या शब्दावर तीच जोडी घेतली. साळ्याने मात्र पहिल्याच भेटीत त्यांना चिरके म्हटले. हा साळा अमरावतीला मंडप आणि लाउडस्पीकर भाड्याने देतो. वराती, सभा आणि गणपती यांपलीकडे आवाजाचा काही उपयोग असतो, हे त्याला मान्य नाही. म्हणून मी त्याच्या मताची नोंद घेतली नाही.

जानेवारीत एका रविवारी सकाळी मी आरामखुर्चीत बसून एक जुने भजन ऐकत होतो. एका गावच्या भजनी मंडळाने एकाच माइकपुढे बसून केलेली कॅसेट; माझ्या मुलानेच ती पेनड्राइव्हवर उतरवून दिलेली. भजन संपले, मी मागे वळलो, तर मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा. अमरावतीहून न कळवता आला होता. पँट गुडघ्यावर फाटलेली.

"अर्धा घंटा झाला बेल मारून राह्यलो, बाबा! मागच्या भिंतीवरून आलो शेवटी."

"मी गाणं आयकून राह्यलो होतो."

"सात फोन केले."

"फोन गादीखाली हाय."

आमच्या दाराची बेल चिमणीसारखी चिवचिवते. त्याचे म्हणणे असे की ती मला ऐकू आली नाही. माझे म्हणणे असे की जो माणूस गाणे खरोखर ऐकतो त्याला बेल ऐकू येऊ नये, आणि बहिऱ्याला इतके एकाग्र होता येत नाही. हा मुद्दा आजही खोडला गेलेला नाही. परंतु त्या दिवसापासून त्याने खोलीचा विषय काढला. अमरावतीच्या त्याच्या घरात एक रिकामी खोली होती. तिला लागून न्हाणीघर होते, न्हाणीघरात धरावयाला दांडा बसवून झाला होता. अकोल्याचे घर भाड्याने द्यावे आणि मी त्या खोलीत येऊन राहावे, असे त्याचे मत. उद्या मी पडलो, गॅस सुरू राहिला, कोणी दार ठोठावले आणि मला कळले नाही तर काय, हा त्याचा प्रश्न. तो दर रविवारी फोनवर विचारू लागला.

मला अकोला सोडावयाचे नव्हते. कारण विचारले जाते, म्हणून सांगतो. अकोल्यात किराणावाला मला ग्रेडरसाहेब म्हणतो आणि तुरीची डाळ माझ्यापुढे ओतून "पाहा बरं" म्हणून मत विचारतो. अमरावतीत मी "बाबांनी गोळी घेतली का" या वाक्यापुरता उरतो. मुलाचे प्रेम खोटे आहे असे मी म्हणत नाही. ते प्रेम आहे हे मान्य करूनही त्याची खोली मला नको होती, एवढेच.

मार्चमध्ये मी डावा स्पीकर उघडला. ओल काढावयाची होती. मागे आठ स्क्रू होते. मागची फळी काढली आणि आत पाहिले तर पेटीत पांढऱ्या चकचकीत पॉलिएस्टरचा लगदा कोंबलेला. घुमारा शोषण्यासाठी असा काही भराव घालतात, हे मला तेव्हा कळले. आणि ज्या वस्तूत घुमाराच शोषावयाचा तिच्यात वऱ्हाडात विकताना तरी पॉलिएस्टर घालावयाला नको होते, हेही तत्क्षणी कळले. माझा मुलगा नांदगाव पेठेतील ज्या मिलमध्ये नोकरी करतो, तेथे पॉलिएस्टरचेच सूत निघते. त्याच्या नोकरीबद्दल मी गेली अठरा वर्षे मौन पाळले आहे. स्पीकरबाबत ते पाळण्याचे कारण नव्हते.

भातकुलीकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून दुसऱ्या वेचणीचा कापूस आणला. चार दिवस बसून हाताने सरकी काढली, बोटांनी पिंजला आणि डाव्या पेटीत कोपऱ्याकोपऱ्यांत ठासून भरला. जितका लगदा निघाला त्याच्या तिप्पट कापूस बसला. उजव्या स्पीकरला हात लावला नाही. तुलनेसाठी मूळ नमुना जपून ठेवावयाचा असतो, हा आमच्या कामाचा पहिला नियम. फळी बसवली, भजन लावले. डाव्या बाजूची ओल गेली होती. थाप पडत होती आणि जागच्या जागी थांबत होती. मी वहीत तशी नोंद केली: डावा कोरडा, प्रत एकने वाढवावी.

मे महिन्यात एका रविवारी मुलगा, सून आणि साळा असे तिघे आंबे घेऊन अकोल्याला आले. रस झाला. जेवणानंतर मी त्यांना डावा आणि उजवा आळीपाळीने ऐकवला. अॅम्प्लिफायरवर बॅलन्सचा खटका असतो. तो एका टोकाला फिरवला की एकच स्पीकर वाजतो.

"भाऊजी, हा डावा डब्बा आजारी हाय," साळा म्हणाला.

"आजारी नाई. कोरडा हाय. तुह्या कानाले ओल्या मालाची सवय."

"कोरडा काहाचा? माणूस रजईतून बोलून राह्यल्यावानी वाटते."

"तू वरातीत पोट्टे नाचवणारा. तुले काय समजते याच्यातलं?"

"मले नाई समजत? माह्या स्पीकरवर मंत्री बोलून गेले, भाऊजी!"

"बरं. मंग? काय बोलले ते आठोते का कोणाले?"

साळा हसला, परंतु मुलगा हसला नाही. तो म्हणाला, "बाबा, मुद्दा हाच हाय. डाव्याचा आवाज दबलेला हाय हे आमाले तिघाले आयकू येते. तुमाले दोनीतला फरकच समजून नाई राह्यला."

येथे मी काय म्हणालो, ते प्रत्येक जण वेगळे सांगतो. मी पुढीलप्रमाणे म्हणालो. "डोळे झाकून सांगतो कोणत्यात कापूस हाय अन् कोणत्यात तुह्या मिलमधला कचरा. पाच डाव. पाचही बरोबर आले तं?"

"तं खोलीचं नाव मी पुन्हा नाई काढणार. अकोला तुमचं."

"अन् एक चुकला तं?" साळ्याने विचारले. त्याला पैज लावणाऱ्यापेक्षा अधिक घाई होती.

"एकबी चुकला तं पुढच्या रविवारी सामान बांधतो."

"बाबा, असं नका करू," सून म्हणाली. "राहायचं घर काही पैजेत लावायचं नसते." तिघांत तिचेच बोलणे शहाणपणाचे होते, म्हणून त्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

मांडणी अशी केली. डावे-उजवे दिशेवरून ओळखू येऊ नये म्हणून दोन्ही स्पीकर एकावर एक ठेवून वर चादर टाकली. मी पाठ करून बसलो. मुलाने खटका सांभाळला. सुनेने कागदावर खरा क्रम लिहावयाचा, आणि माझे उत्तर मात्र कोणाला ऐकू जाऊ द्यावयाचे नाही. नाही तर चेहरे पाहून मी पुढचे उत्तर ताडीन, असा साळ्याने आक्षेप घेतला. मी पाठ करून बसलेला असताना कोणाचा चेहरा पाहणार होतो, ते त्याने सांगितले नाही. तोडगाही त्यानेच सुचवला: हत्ता. पूर्वी बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. दोन व्यापारी दुपट्ट्याखाली हात धरत आणि बोटे दाबून भाव सांगत. भोवतालच्या शंभर माणसांना त्याचा पत्ता लागत नसे. त्याप्रमाणे साळा माझ्यासमोर बसला, आमच्या दोघांच्या हातांवर माझा दुपट्टा पडला. एक बोट दाबले तर कापूस, दोन दाबली तर पॉलिएस्टर; साळ्याने ते मोकळ्या हाताने दुसऱ्या कागदावर टिपावयाचे.

कुलर बंद करावा लागला. अकोल्यातील मे महिना, दुपारचे दोन. पहिल्या डावातच आमच्या चौघांच्या अंगाला धारा लागल्या. साळ्याचा हात एवढा ओला झाला की कापूस असता तर मी त्याची गाडी परत पाठवली असती.

मी थापेवर लक्ष ठेवले. पहिला डाव: थाप साचली नाही. एक बोट. दुसरा: साचली. दोन बोटे. तिसरा: पुन्हा दोन. चौथ्या डावाविषयी साळा सांगतो की मी दीड बोट दाबले. मनुष्याला दीड बोट दाबता येत नाही. घामाने माझे दुसरे बोट त्याच्या तळहातावर घसरले. दाब एकाच बोटाचा होता आणि हे त्याने त्या वेळी मान्य करून आपल्या कागदावर "एक" असे लिहिले. वादाचे मूळ एवढेच आहे. पाचवा डाव सोपा होता. दोन बोटे.

सुनेने दोन्ही कागद जुळवले. पाचपैकी पाच.

मुलाने चादर काढली, कुलर लावला. साळा कुलरसमोर जाऊन उभा राहिला व म्हणाला, "मानलं बाप्पा, भाऊजी. कान हाय का काय हाय!" ते त्याचे पैजेविषयीचे शेवटचे प्रामाणिक वाक्य. मी काही बोललो नाही. जिंकलेल्याने बोलू नये असा माझा दंडक आहे, आणि तो पाळण्याची संधी मला पुष्कळ वेळा मिळालेली आहे.

तेव्हा सुनेने विचारले, "बाबा, एक सांगता का? या भजनात टाळ कुठून सुरू होतात?"

"याच्यात टाळ नाईत," मी म्हणालो.

साळा कुलरपासून दूर झाला.

"बाजाची पेटी हाय, पखवाज हाय, सात-आठ गळे हायेत," मी म्हणालो. "टाळ नाईत. दोनशे वेळा आयकलं मी हे."

"पयल्यापासून हायेत, भाऊजी," साळा म्हणाला. चाळीस वर्षांत तो माझ्याशी इतक्या हळू आवाजात कधी बोलला नव्हता. त्याने ओरडून सांगितले असते तर मी वाद घातला असता.

मुलाने उजवा स्पीकर माझ्या खुर्चीपुढे स्टुलावर आणून ठेवला व भजन पुन्हा सुरू केले. सून माझ्या शेजारी बसली आणि तिने टाळ पडेल तेव्हा आपले बोट खुर्चीच्या हातावर टेकवावयास सुरुवात केली. मी ऐकत होतो. पेटी ऐकू आली. थाप ऐकू आली, नेहमीप्रमाणे ओली. गळे आले. सुनेचे बोट खाली जाई, वर येई, अगदी लयीत, आणि ते ज्या क्षणी टेके त्या क्षणी मला काहीही ऐकू येत नसे. हे पूर्ण कडवेभर चालले. मग मी म्हणालो, "बंद कर."

इकडे मुलाने डाव्या स्पीकरचे आठही स्क्रू काढले होते. मी भरलेला कापूस त्याने मुठीमुठीने काढला, तेव्हा आत ट्वीटरची एक तार सुटून लोंबत असलेली दिसली. तिच्या टोकाला कापसाचे धागे गुंतलेले होते. कापूस ठासताना ती माझ्याच हाताने निघाली होती. म्हणजे डाव्यात दोन महिने टाळ वाजलेच नव्हते, म्हणून तो तिघांना दबलेला वाटला. उजव्यात वाजत होते. आणि मला दोन्हींत नव्हते.

मुलाने तार पाहिली, मला दाखवली आणि कापूस परत होता तसा आत भरला. "सोल्डरिंग लागते. पुढच्या वेळी आणतो," एवढेच तो म्हणाला. संध्याकाळी निघताना त्याने दारात चपला घालता घालता सांगितले, "पैज तुमी जिंकले, बाबा. मी शब्द दिला होता." नंतरच्या रविवारी त्याचा फोन आला. पावसाविषयी बोलला, मुलीच्या शाळेविषयी बोलला. खोलीचा शब्द नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. त्याने कुरकुर केली असती तर मला फार सोपे गेले असते.

आता जे सांगतो ते तिन्ही हकिकतींत नाही, कारण तिघांपैकी कोणालाही ते ठाऊक नव्हते.

कापसाच्या गाडीला वरून साज चढवण्याची रीत आहे. वरचा हातभर थर उत्तम, पांढराशुभ्र. खाली ओला, पिवळट, पाचोळा मिसळलेला. ग्रेडरने वरून पाहून चिठ्ठी लिहिली आणि गाडी रिकामी होताना खालचा माल उघडा पडला, तर चूक ग्रेडरची. चिठ्ठी सहीची असते. शेतकरी ती घेऊन निघून गेला तरी कोणी त्याला अडवू शकत नाही. माझ्या नोकरीत दोन वेळा असे घडले आणि दोन्ही वेळा मी स्वतःची चिठ्ठी स्वतः फाडून फेरतपासणी केली. पहिल्या वेळी शेतकऱ्याने मला शिव्या दिल्या. दुसऱ्या वेळी खालचा माल वरच्यापेक्षा चांगला निघाला. त्या शेतकऱ्यानेही शिव्या दिल्या, कारण त्याला उशीर झाला. केंद्रावर मला विक्षिप्त समजत. समजोत. पाचपैकी पाच ही चिठ्ठी माझ्या खिशात होती आणि तिच्यावर घर टिकले होते. पण गाडी माझ्यादेखत रिकामी झाली होती.

तिसऱ्या सोमवारी मी ऑटोने कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. अकोल्यातच, एकटा. तेथे एका काचेच्या खोलीत बसवतात, कानांवर जाड झाकणे घालतात आणि हातात बटण देतात. यंत्र चालवणारी मुलगी काचेपलीकडे होती.

"आजोबा, आवाज आला की बटन दाबा."

मी आला तेव्हा दाबले. पुढे बराच वेळ गेला. ती आत आली.

"आजोबा, दाबा ना."

"वाजवा ना."

"वाजवून राहिली मी."

नंतर तिने एक कागद दिला. त्यावर एक रेघ होती. ती डावीकडून निम्म्याहून पुढे मूर्तिजापूरच्या रस्त्यासारखी सरळ गेली होती आणि मग विहिरीत पडावी तशी एकदम खाली उतरली होती. खालचे आवाज माझे चाळिशीच्या माणसाएवढे चांगले आहेत, असे ती म्हणाली. हे तिचे शब्द आहेत. उंच आवाज दोन्ही कानांना जवळजवळ नाहीत. चिमण्या, टाळ, भांड्याला भांडे लागल्याचा आवाज, बायकांच्या व लहान मुलांच्या बोलण्यातील काही अक्षरे. "कधीपासून असेल?" मी विचारले. ती म्हणाली की असे हळूहळू होते, कळत नाही. म्हणजे पत्नीच्या शेवटच्या काही वर्षांत मी ज्या ज्या गोष्टींना "तू असं बोललीच नव्हती" असे ठामपणे म्हणालो, त्यांपैकी काही तिने बोललेल्या असणार. किती, ते आता ठरवता येत नाही.

यंत्रे घेतली, दोन, कानामागे बसणारी. पहिल्या दिवशी वर्तमानपत्राचे पान उलटले तर पत्रा पडल्यासारखे वाटले. मग दाराबाहेर गेलो आणि स्वतःच्याच घराची बेल दाबली. आली. पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा दाबताना शेजारच्या बाई बाहेर आल्या.

"कोणी नाई का घरात?"

"मीच हावो ना घरात."

"मंग बेल काहून मारून राह्यले?"

"तपासून राह्यलो."

त्या आत गेल्या. पुढे त्यांनी ही गोष्ट कॉलनीत सांगितली. त्यांची हकिकत, मला मान्य आहे, बरोबर आहे.

त्यानंतर मी उजवा स्पीकर लावला. टाळ होते. पहिल्या ओळीपासून होते, खूप होते, कोणीतरी एक जण किंचित मागे पडत होता. मी ते भजन तीनदा ऐकले. चौथ्यांदा ऐकावयास बसलो तेव्हा ग्रेडर जागा झाला. टाळांबरोबर आणखीही काहीतरी येत होते. प्रत्येक 'स' आणि 'श' पत्र्यावर ज्वारी ओतल्यासारखा सांडत होता. गळे जरा वर गेले की कड फुटत होती. टाळांचा झणका संपण्याऐवजी चुरगळत होता. कचरा होता, भरपूर होता, आणि मी त्या खान्यात "नाही" असे लिहिले होते.

तेव्हा या स्वस्त स्पीकरांविषयी माझे दुरुस्त मत असे. मधला आवाज, म्हणजे माणसाचा गळा आणि पेटी, किमतीच्या मानाने फार चांगला. खालचा ओला, परंतु कापसाने सुधारतो. वरचा चिरका. साळा पहिल्या दिवशी हेच म्हणाला होता. ही गोष्ट मी त्याला सांगितलेली नाही. येथे लिहिली आहे, आणि तो वाचत नाही.

फिरायला येणाऱ्या ज्या दोघांनी माझ्या शब्दावर ही जोडी घेतली होती, त्यांच्या घरी मी फेरतपासणी कळवण्यासाठी गेलो. एक माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. त्यांच्या बैठकीत बसून मी स्पीकर ऐकला व चिरकेपणा दाखवला. "मले तं कुठंच चिरका नाई वाटत," ते म्हणाले. मी त्यांना कानाच्या डॉक्टरांचा पत्ता द्यावा की नाही, याचा चहा संपेपर्यंत विचार केला. मग दिला. ते आता माझ्याशी बोलत नाहीत. दुसऱ्यांना मी चिठ्ठी लिहून दारातून आत टाकली.

जूनमध्ये मुलगा आणि सून सोल्डरिंगचे सामान घेऊन आले. बेल एकदा वाजली, मी दार उघडले. मुलाने माझ्या कानाकडे पाहिले, दुसऱ्या कानाकडे पाहिले, आणि "पंखा लावा, लय उकडते" असे म्हणून आत गेला. सुनेने विचारले, "कधी केलं, बाबा?" मी तारीख सांगितली. तिने एवढेच विचारले की सोबत कोण होते. मी म्हणालो, ऑटोवाला.

मुलाने कापूस बाहेर काढला, तार जोडली आणि कापूस या वेळी सैल, तारेपासून दूर ठेवून भरला. एवढ्या पॉलिएस्टरमध्ये राहूनही त्याचा कापसाला हात नीट लागतो, हे मी पाहिले. मग दोन्ही स्पीकर जागेवर ठेवून भजन लावले.

"कसं वाटते?"

"टाळ आले. वर कचरा हाय."

तो हसला. "बदलून आणू का दुसरे?"

"नाई. ट्वीटरपुढं कापसाचा पातळ पेळू लावून पाहतो."

"बाबा!"

"पातळ म्हटलं मी."

चहा झाला. निघताना सुनेने पिशवी आवरता आवरता, जणू सहज, सांगितले की त्या रिकाम्या खोलीत आता मुलीचे अभ्यासाचे टेबल नेले आहे. ती दहावीला आहे, तिला शांतता लागते. मुलगा या वेळी गाडीच्या चावीकडे फार लक्षपूर्वक पाहत होता.

"टेबल कोणत्या भिंतीले लावलं?" मी विचारले.

"खिडकीच्या. पश्चिमेच्या."

"दुपारचं ऊन तिच्या डोयावर येईल. उत्तरेले लावा. अन् न्हाणीघरातला तो दांडा काढून टाका, पोट्टी त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवीन."

दोघांनीही हो म्हटले. दिवाळीला मी अमरावतीला जाणार आहे, चार दिवस; तेव्हा टेबल हलवले की नाही ते पाहून येईन.